तीनदा नको

आमच्या विज्ञान परिषदेत निवडणूक कधीच झाली नाही, आणि याचा आम्हाला भारी अभिमान. दरवर्षीच्या सभेत अध्यक्ष अप्पा हे एकदा तरी बोलून दाखवतातच. अप्पा म्हणजे निवृत्त प्राचार्य. वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचे अप्पा. "हात वर करून मोजायला आपण काय ग्रामपंचायतवाले हाव का?" असं ते विचारतात आणि खोलीतली सगळी विद्वान डोकी डोलतात. ही सगळी जन्मभर काही ना काही मोजणारी माणसं. कुणी पाऊस मोजतो, कुणी दगडातलं लोह, कुणी विहिरीचं पाणी. पण कोण कुणाला हवंय एवढं मोजायचं म्हटलं की यांना कमीपणा वाटतो.

परिषद म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतले शाळा-कॉलेजांतले विज्ञानाचे मास्तर, दोन-तीन निवृत्त इंजिनियर, एक जनावरांचे डॉक्टर. सभा हुमनाबादला, कारण तिथं सगळीकडून बस येते. हायवेला लागून टायरच्या दुकानावर आमची एक लांबट खोली आहे. खाली लॉरीचा हॉर्न वाजला की वर व्याख्यान थांबतं, आणि पुष्कळदा तेवढाच काय तो श्रोत्यांना आराम. इतिवृत्त कन्नडमध्ये, निबंध इंग्रजीत, चहा दखनी उर्दूत मागवायचा आणि भांडण मात्र मराठीत. मी भालकीहून जायचो. भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालो. तरुणपणी आमच्याकडच्या जांभ्या दगडावर एक निबंध लिहिला होता, तोच पुढं शीर्षक बदलून चार वेळा वाचला. एकदाही कुणाच्या लक्षात आलं नाही. यावरून परिषदेची पातळी कळावी, आणि माझीही.

परिषदेत खरं वजन चिटणिसाला. अध्यक्षानं हार घालून घ्यायचे, चिटणिसानं कारभार करायचा. शिक्का त्याच्याकडे आणि मुख्य म्हणजे लोखंडी कपाटाची किल्ली त्याच्याकडे. या कपाटात परिषदेच्या स्थापनेपासूनच्या नोंदींची सगळी रजिस्टरं आहेत. त्यातलं वार्षिक अंकात काय छापायचं, कुणाला काय बघू द्यायचं, हे चिटणिसानं ठरवायचं. आमचे आधीचे चिटणीस रसायनशास्त्राचे. त्यांनी पंचवीस वर्षं एकच धोरण ठेवलं: कुणालाच काही बघू द्यायचं नाही. कडगंचीच्या विद्यापीठातली एक संशोधक मुलगी विहिरींच्या नोंदी मागायला दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा तिला चहा पाजला आणि सांगितलं, "रेकॉर्ड बाहेर जात नसतं." रेकॉर्ड बाहेर जात नव्हतं हे खरं, पण आत कसर लागली होती. एकदा त्यांनी माझ्यादेखत कपाट उघडलं तेव्हा एका रजिस्टराचा कोपरा हातातच भुगा होऊन आला. त्यांनी तो फुंकून टाकला आणि कपाट लावलं.

नोंदींचंही सांगून टाकतो. बहुतेक रजिस्टरांना कसर लागली तर देशाचं काही बिघडणार नाही. आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांकडे पाऊस मोजायचं काम होतं. मी एकदा त्यांच्या घरी गेलो, तर पर्जन्यमापकाच्या डब्यात कढीपत्त्याचं रोप चांगलं हातभर वाढलेलं. पावसाचे आकडे मात्र दर महिन्याला नेमानं येत होते, दशांश चिन्हासकट. "पेपरात येतंय की," ते म्हणाले. दुसरे एक सदस्य तापमान लिहायचे. ते गावाला गेले की मागच्या वर्षीचं उतरवायचे. रिकामा रकाना दिसला की आमच्या लोकांना अंगावर काटा येतो.

या सगळ्यात खरं काम करणारं माणूस एकच, आणि ती कमलनगर तालुक्यातल्या एका खेड्यातली हायस्कूलची विज्ञानाची शिक्षिका. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. बाई अठरा वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आसपासच्या गावांतल्या विहिरींची पाणीपातळी मोजत होत्या. परिषदेनं दिलेली पोलादी टेप, खडूचा डबा, वही. टेपच्या खालच्या टोकाला खडू चोळायचा, टेप विहिरीत सोडायची, काठावरचा आकडा वाचायचा, वर ओढायची, आणि खडू जिथवर भिजला तो आकडा वजा करायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. मी एकदा हौसेनं त्यांच्यासोबत गेलो होतो. तिसऱ्या विहिरीनंतर लिंबाखाली बसलो तो संध्याकाळपर्यंत उठलो नाही. त्या जीपनं, चालत, एकदा बैलगाडीतून पुढं गेल्या आणि सगळ्या विहिरी करून परत आल्या. एका वर्षी त्या टायफॉइडनं झोपून होत्या. त्या महिन्याचा रकाना त्यांनी कोरा सोडला आणि खाली लिहिलं, 'आजारी, मोजलं नाही.' आमच्या अख्ख्या कपाटात मला ठाऊक असलेलं हे एकच प्रामाणिक वाक्य.

मी सोबत गेलो होतो त्या दिवशी एका विहिरीच्या मालकानं मला एक गोष्ट सांगितली. म्हातारा शेतकरी, विडी ओढत बसलेला. बाई टेप सोडत होत्या तिकडं बोट करून म्हणाला, "ह्यांच्या आज्याला आमच्या आज्यानं ह्या कट्ट्यावर चढू दिलं न्हवतं, सर. लांब उभारून पाणी घ्यावं लागायचं. आता ही येतीया, अन् मलाच सांगतीया तुमच्या हिरीत किती पाणी हाय." तो हे लाजून सांगत होता की कौतुकानं, ते मला कळलं नाही. बाईंच्या घरानं त्यांच्या वडिलांच्या काळात बौद्ध धर्म घेतला. यातलं काहीही बाई स्वतः कधी बोलल्या नाहीत. त्यांची तक्रार एकच होती. पहिली कितीतरी वर्षं त्यांनी वहीतली मूळ पानंच परिषदेला दिली, स्वतःकडे प्रत ठेवली नाही. तेव्हा त्यांच्या गावात झेरॉक्स नव्हतं आणि परिषदेवर विश्वास होता. आता ती सगळी वर्षं त्या कपाटात होती आणि कसर पानापानानं ती खात होती. किल्ली हातात येईल तेव्हाच ती वाचणार होती.

तर चिटणीस गुडघ्यांनी थकले, त्यांना जिना चढवेना, आणि मुलगा त्यांना बेंगळुरूला न्यायला निघाला. नवा चिटणीस नेमायची वेळ आली.

आता आमची रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे पद मागायचं नसतं. मागणारा हावरा. अप्पांनी सभेत एखाद्याचं नाव घ्यायचं: "तुम्ही सांभाळा." त्यानं पहिल्यांदा म्हणायचं, नको. अप्पांनी पुन्हा म्हणायचं. त्यानं पुन्हा नको म्हणायचं, पण या वेळी कारण द्यायचं. बीपी, गुडघे, मुलीचं लग्न, काहीही चालतं. तिसऱ्यांदा अप्पा आवाज चढवतात, "आमचा मान ठेवणार का न्हाई?" मग त्यानं नको म्हणत हात जोडायचे आणि खाली बघायचं. हा तिसरा नको म्हणजे होकार. टाळ्या. हार आधीच आणून टेबलाखाली पिशवीत ठेवलेला असतो, तो निघतो. इतिवृत्तात लिहितात, 'एकमताने व बिनविरोध'. शास्त्रात एक निरीक्षण तीनदा घेतात. आमच्याकडे एक खोटं तीनदा बोलतात, आणि तिन्ही वेळा तंतोतंत जुळतं.

सभेच्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा बायकोनं विचारलं, "कामून ओ, आज इस्त्रीचा शर्ट? कुणाचं लगीन हाय?"

"सभा आहे," मी म्हणालो.

"सभेला तर दर बारीला त्योच इटलेला भुरका घालून जाताव."

मी चपला घातल्या. बसची वेळ झाली होती.

सभेला नेहमीपेक्षा गर्दी होती. चिटणिसांचा सत्कार झाला, शाल झाली, नारळ झाला. निरोपाच्या भाषणात त्यांना गहिवरून आलं आणि त्या भरात ते बोलून गेले की परिषदेत खरं काम कुणी केलं असेल तर विहिरीच्या बाईंनी. आता त्यांनी नाव घेतल्यावर बाईंना विचारणं भाग होतं. अप्पा बाजूच्या इंजिनियरकडे झुकून हळूच म्हणाले, "इच्यारून घेऊ. इच्यारलं म्हणजे इच्यारल्यासारखं व्हतंय." मी दुसऱ्या बाजूला बसलो होतो, मला ऐकू आलं. बाई नको म्हणतील, टाळ्या वाजतील, स्त्रीवर्गाचा मान राखल्याचं इतिवृत्तात जाईल आणि मग खरं नाव निघेल, असा तो बेत होता. बेत म्हणण्याइतकाही तो मोठा नव्हता. ती नुसती सवय होती.

अप्पा उठले. "बाई, आमची समद्यांची इच्छा हाय की चिटणीसपद तुम्ही सांभाळावं."

बाई मागच्या रांगेत होत्या. उभ्या राहिल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "व्हय अप्पा. करते मी."

खाली दुकानात कुणीतरी टायरवर हातोडा मारत होतं, तेवढाच आवाज. अप्पा उभेच होते. दुसऱ्यांदा विचारायची त्यांची तयारी होती, तिसऱ्यांदा आवाज चढवायचीही होती, पण पहिल्याच फटक्यात होकार आला तर काय करायचं हे त्यांना इतक्या वर्षांत कुणी शिकवलंच नव्हतं. बाईंना वाटलं, लोक पुढचं ऐकायला थांबलेत. त्या बोलत राहिल्या. "पहिल्यांदा कपाटातली रजिस्टरं उन्हात वाळवून घ्यावी लागतील. मग समद्याची झेरॉक्स. कडगंचीच्या त्या पोरीला मी बोलले हाव, ती कम्प्युटरवर घालून देती म्हणायली. वर्षात व्हईल." त्यांनी कामाची यादीच करून आणली होती. हातात कागद होता.

"हां हां," अप्पा म्हणाले. "इच्यार करू की. आधी चहा घेऊ."

चहा यायला वेळ होता तरी सगळे उठले. जिन्याजवळ घोळका झाला आणि ज्यांच्या तोंडून सभेत कधी शब्द फुटत नाही त्यांनाही वाचा फुटली. "थेट व्हय म्हणल्या की ओ!" "कागद काढून आल्या म्हणजे आधीच ठरवलं असणार." "घाई लई हाय." कढीपत्तेवाले पर्जन्यतज्ज्ञ म्हणाले, "परिषदेला एक शिस्त हाय. असं मागून घेतलं तर उद्या कुणीबी मागंल." आणि एकजण खालच्या आवाजात म्हणाला, "समद्यांच्या घरी उठबस असणारा माणूस बरा असतोय." त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. बाईंनी मागितलं नव्हतं, अप्पांनी विचारलं होतं आणि बाईंनी उत्तर दिलं होतं. हे साधं वाक्य मी तिथं उभं राहून मनातल्या मनात चांगलं रचलं आणि चहाबरोबर गिळलं.

चहानंतर अप्पांनी घसा साफ केला. "बाईंचा उत्साह आपल्याला माहीत हाय. पण त्यांच्यावर विहिरींचा भार. त्यात आणखी भार घालणं बरोबर न्हाई." मग ते माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही सांभाळा."

मी म्हणालो, "नको अप्पा."

हे मी खरं म्हणालो, असं मी नंतर पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. अप्पा पुन्हा म्हणाले. मी म्हणालो, "नको, बीपीच्या गोळ्या चालू हायत." ते खोटं नव्हतं, गोळ्या खरंच चालू होत्या. या दोन्ही वेळांना मी म्हणू शकलो असतो, 'बाई हो म्हणाल्यात, त्यांना द्या.' पाच-सहा शब्द. आयुष्यभर वर्गात एवढी बडबड केली, ते पाच-सहा शब्द निघाले नाहीत. तिसऱ्यांदा अप्पांनी आवाज चढवला, "आमचा मान ठेवणार का न्हाई, सर?" आणि माझे हात आपोआप जुळले, मान खाली गेली. खाली बघितलं तर इस्त्रीच्या शर्टाची कड दिसली, कडक. मला ते पद हवं होतं. सकाळपासून हवं होतं.

टाळ्या वाजल्या. टेबलाखालून हार निघाला. बाईंनीही टाळ्या वाजवल्या, कागदाची घडी करून तो पर्समध्ये ठेवला आणि कमलनगरची जीप पकडायला सगळ्यांच्या आधी उतरल्या.

पुढच्या महिन्यात मी चिटणीस म्हणून खोली उघडून बसलो होतो तर बाई आल्या. महिन्याचे आकडे आणले होते. टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "सर, एक दिवस माझी जुनी रजिस्टरं द्या. खालच्या दुकानात झेरॉक्स काढते अन् संध्याकाळी आणून देते."

मी म्हणालो, "रेकॉर्ड बाहेर जात नसतं ना, बाई. अप्पांना विचारून सांगतो."

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मलाच ते ओळखीचं वाटलं. मला ओशाळल्यासारखं झालं. ते झाकायला मी घाईघाईनं म्हणालो, "असं करा बाई, किल्ली तुमच्याकडेच ठेवा. काम सगळं तुम्हीच बघा, तुम्हाला त्यातलं कळतं. इथंच बसून करा. सही तेवढी मी करतो." मला वाटलं, मी मोठं मन दाखवतोय.

बाईंनी किल्लीला हात लावला नाही. "त्या दिवशी मी लगेच व्हय म्हणले, ते समद्यांना लागलं," त्या म्हणाल्या. "मला मागून कळलं, आधी नको म्हणायचं असतंय म्हणून. पण सर, आमच्या घरात कुणाला कुणी दुसऱ्यांदा काई इच्यारल्यालं मला आठवत न्हाई. म्हणून पहिल्यांदाच व्हय म्हणले."

मी किल्ली पुढं सरकवली. "घ्या, बाई."

"नको, सर."

"अहो घ्या. काम महत्त्वाचं."

"नको. शाळा हाय, विहिरी हायत."

"आमचा मान ठेवा," मी म्हणालो. खरंच म्हणालो, अप्पांसारखाच आवाज चढवून.

बाईंनी हात जोडले, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "नको." मग पिशवीतून परिषदेची टेप काढली, नीट गुंडाळलेली, पुसलेली. ती टेबलावर ठेवली. खडूचा डबाही ठेवला. आणि जिना उतरून गेल्या.

आता मी काय केलं ते सांगतो, म्हणजे परिषदेनं योग्य माणूस निवडला होता हे पटेल. मी अप्पांना फोन लावला आणि सांगितलं, "कपाटाचं काम बघायला बाई तयार झाल्या." तीनदा नको म्हणाल्या होत्या, हात जोडले होते, खाली बघितलं होतं. टेप ठेवली, ती मला वाटलं, साफसफाईला. अप्पा म्हणाले, "बगा, शेवटी रीतीला आल्या." आम्ही दोघंही खूश झालो.

पुढच्या महिन्यात बाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मग मी त्या विडीवाल्या म्हाताऱ्याला फोन केला, बाईंच्या तब्येतीची चौकशी करायला म्हणून. "बाईंना काय झालंय?" तो म्हणाला. "येत्यात की दर महिन्याला. नवी टेप हाय त्यांची. कडगंचीची एक पोरगी असती संगट, ती लिवून घेती." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की त्या बाईंनी तीनदा नको म्हटलं होतं, म्हणजे तीनदा नकोच म्हटलं होतं. आमच्या त्या खोलीत खरा नको याआधी कुणी उच्चारलाच नव्हता.

विहिरींच्या रजिस्टरात रकाने कोरे राहू लागले. अप्पा म्हणाले, मागच्या वर्षीचे आकडे उतरवा, अंक निघायचाय. मी तेवढं केलं नाही, पण त्यात शौर्य काही नाही. मला त्या विहिरींची नावंही धड लागत नव्हती. गेल्या सभेत माझ्या कामाचं कौतुक झालं. बाईंची पहिली सगळी वर्षं अजून त्या कपाटात आहेत. मी अधूनमधून उघडून बघतो, आणि कोपऱ्याचा भुगा पडला असला की फुंकून टाकतो. ती रजिस्टरं एका पिशवीत भरून कमलनगरच्या बसमध्ये बसायला मला कुणाची हरकत नाही, भालकीहून तासाभराचाही रस्ता नाही. पण रेकॉर्ड बाहेर न्यायचं तर अप्पांना विचारलं पाहिजे, आणि अप्पांना विचारायचं अजून राहिलंय.